डोक्याचा मार कमी केला तर पब्लिक राहील का? अमेरिकन फुटबॉल आणि आपले खुले कबड्डी सामने

मंडळ_दारव्हा (प्रश्न)

डिसेंबरअखेर गावात रात्रीचे खुले कबड्डी सामने घ्यायचे आहेत. मातीचं मैदान, ६५ किलो वजनगट. मंडळात दोन तट पडले आहेत. काही जण म्हणतात, पळत येऊन मारलेली डॅश (खांद्याची धडक) बंद करा, मान-डोक्यावरच्या पकडीला कडक शिक्षा ठेवा आणि डोक्याला लागलेला गडी त्या दिवशी परत उतरवू नका. बाकीचे म्हणतात, एवढं केलं तर पब्लिक शेजारच्या गावच्या सामन्यांना जाईल, वर्गणीही तुटेल.

बोलता बोलता वाद अमेरिकन फुटबॉलवर गेला. तिकडे वीसएक वर्षांपासून डोक्याच्या मारावर चर्चा चालू आहे, नियम सारखे बदलतात, आणि २०२८च्या ऑलिम्पिकमध्ये तर धडक नसलेला फ्लॅग फुटबॉल येतो आहे. ज्यांना तो खेळ नीट माहीत आहे त्यांनी सांगावं: सुरक्षित केलेला खेळ तिथल्या प्रेक्षकांनी स्वीकारला का? कोणता बदल पचला, कोणता नाही? आणि त्यातलं आपल्या मैदानावर काय चालेल? नुसतं "खेळाडूंची काळजी घ्या" असं नको. पत्रकावर छापता येईल असं काही हवं आहे.

चौथा_डाऊन

दादा, खेळ सुरक्षित करायचे दोन मार्ग असतात आणि प्रेक्षक दोघांना सारखं मानत नाहीत. एकात झुंजच काढून टाकतात. दुसऱ्यात झुंज तशीच ठेवून तिच्यातला वेग कमी करतात किंवा डोकं बाजूला काढतात. एनएफएल या तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगने एकट्या किकऑफवर हे दोन्ही करून पाहिलं, म्हणून तेच उदाहरण घेतो.

किकऑफ म्हणजे एका संघाने लांब किक मारायची, दुसऱ्याने चेंडू झेलून उलट पळत यायचं. जुन्या पद्धतीत किक मारणाऱ्या बाजूचे दहा जण चाळीस-पन्नास यार्ड पूर्ण वेगात पळत येत आणि समोरच्यावर आदळत. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. सेकंदाला ४ मीटरऐवजी ८ मीटरने आलेला गडी दुप्पट नाही, चौपट जोराने लागतो. २०११ मध्ये लीगने किकची जागा ३० वरून ३५ यार्ड रेषेवर, म्हणजे पाच यार्ड पुढे नेली. चेंडू थेट शेवटच्या पट्ट्यात पडू लागला, झेलणारा तो तिथेच सोडून देऊ लागला आणि पळापळच थांबली. पुढे आणखी सवलती आल्या. २०२३च्या हंगामात शंभरातल्या जेमतेम २२ किक पळवल्या गेल्या. फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तर एकही नाही. धोका कमी झाला, पण बघण्यासारखं काही उरलं नाही, आणि प्रेक्षकांची नाराजी याच गोष्टीवर होती.

२०२४ मध्ये त्यांनी रचनाच बदलली. किक मारणारा ३५वरच राहतो, पण त्याचे बाकीचे दहा जण समोरच्या संघाच्या ४० यार्ड रेषेवर उभे करतात. झेलणाऱ्या संघाचे किमान सात जण त्यांच्यापासून पाचच यार्डांवर, ३० ते ३५ च्या पट्ट्यात. चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत हे कोणीही हलायचं नाही. पळत येऊन आदळायला जागाच उरली नाही, पण झुंज राहिली. पळवलेल्या किक त्याच हंगामात ३३ टक्क्यांच्या आसपास गेल्या, आणि २०२५ मध्ये चेंडू सोडून देणं आणखी महाग केल्यावर त्याहून बऱ्याच वाढल्या. किंमतही मोजली: अचानक छोटी किक मारून चेंडू परत मिळवायची चाल आता आधी सांगूनच करावी लागते. ही तक्रार रास्त आहे.

इतिहासही हेच सांगतो. १९०५ मध्ये मैदानावरच्या मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६च्या नियमांत चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि चेंडू आपल्याकडे ठेवायला ५ यार्डांऐवजी १० यार्ड पुढे जायची अट आली, म्हणजे सगळ्यांनी एका जागी रेटारेटी करायचं कारण कमी व्हावं. आज लोक ज्या लांब पासवर उभे राहून ओरडतात, तो पास सुरक्षिततेच्या सुधारणेतून आला आहे. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजच्या नियमांनी डोकं पुढे करून धडकणं बंद केलं. त्या वर्षी मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडलेले खेळाडू ३४ होते, १९७७ मध्ये १८, १९८४ मध्ये ५. या बदलाने खेळाची लोकप्रियता घटली नाही.

उलट बाजूही बघा. २००१ मध्ये एक्सएफएल नावाची लीग जास्त दांडगाई विकायला निघाली. नाणेफेकीऐवजी दोन खेळाडूंनी चेंडूवर झेपावायचं असा नियम होता, आणि पहिल्याच सामन्यात त्यात एकाचा खांदा गेला. पहिल्या आठवड्यात प्रेक्षक तुटून पडले, मग ओसरले, आणि लीग एका हंगामात बंद. २०२० मध्ये त्याच नावाने नवी लीग आली, आणि एनएफएलने २०२४ मध्ये घेतलेली किकऑफची कल्पना तिचीच.

म्हणून तुमच्या मंडळाने प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारावा: याने चुरस जाते, की फक्त पळत येण्याची जागा जाते?

शिट्टी_सरपंच

वरची कसोटी कबड्डीला तंतोतंत लागते. पंचाच्या बाजूने सांगतो.

आधी एक खुलासा. जिल्हा संघटनेच्या मान्यतेचे सामने असतील तर नियमांत हात घालता येत नाही. खुल्या सामन्यांत स्थानिक नियम चालतात, पण ते पत्रकावर छापलेले हवेत आणि नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांची सही हवी. ऐन सामन्यात माइकवरून नियम सांगाल तर भांडण ठरलेलं.

डॅश पूर्ण बंद करू नका. चढाईपटू राखीव क्षेत्राच्या कडेला असताना त्याला खांद्याने बाहेर काढणं ही कला आहे आणि पब्लिक तिच्यासाठी ओरडते. घातक आहे ती समोरच्या कोपऱ्यातून तीन-चार पावलं पळत येऊन मारलेली, पाठीमागून मारलेली, आणि चढाईपटू हवेत असताना मारलेली. नियम असा लिहा: डॅश मारणाऱ्याने दोनपेक्षा जास्त पावलं पळून येऊ नये, खांदा चढाईपटूच्या काखेच्या खाली लागावा, पाठीवर किंवा हवेत असताना डॅश नाही. मोडल्यास चढाईपटू सुरक्षित आणि त्याच्या संघाला एक गुण. नुसती ताकीद ठेवली तर कोपरारक्षक पहिली ताकीद हिशेबात धरूनच खेळतो. गुण गेला की त्याचाच कर्णधार त्याला आवरतो.

गळा दाबणं, तोंड दाबून दम तोडणं, पायांची कैची घालणं हे मूळ नियमांतच फाउल आहे. नवीन काही नको, आहे ते पहिल्या सामन्यापासून लावा. हिरवं कार्ड, मग पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पहिल्या रात्री सोडलंत तर उपांत्य सामन्यात लावता येणार नाही.

साखळीत सापडलेला चढाईपटू पडला की घाईने शिट्टी मारायचा मोह होतो. मारू नका. पाच जण अंगावर असताना मध्यरेषेकडे सरकणारा हात हा या खेळाचा जीव आहे, तो काढलात तर खरंच पब्लिक उठेल. थांबवायचं ते वेगळं: चढाईपटू जमिनीवर गेल्यावर पाचवा-सहावा गडी वरून उडी टाकतो. पकडीला त्याची गरज नसते. मान, बरगड्या आणि गळपट्टीचं हाड त्याच वजनाखाली येतं. नियम: पडलेल्या चढाईपटूला उभ्याने किंवा गुडघ्यावर येऊन धरायचं, अंगावर उडी टाकायची नाही. उडी टाकली की चढाईपटू सुरक्षित.

आणि वजन उघड्यावर करा. ६५ किलोच्या गटात ७४ किलोचा गडी घुसला की वरचे सगळे नियम फुकट जातात. सामन्याच्या दिवशीच, इलेक्ट्रॉनिक काट्यावर, दोन्ही संघांसमोर वजन घ्या. काटा आधी ५० किलोच्या सीलबंद पोत्याने तपासा.

पब्लिकबद्दल एवढंच: १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डी दाखवली, तिथपासून हा खेळ बदलतच आला आहे. ३० सेकंदांची चढाई आणि तिसरी चढाई करो या मरो हे नियम २०१४ नंतर टीव्हीवरून गावोगावी पोचले, मॅट आली, बूट आले. मातीवाल्यांनी नाकं मुरडली, पण पब्लिक वाढली.

फिजिओ_वर्धा

दोघांचं बरोबर आहे, पण अमेरिकन फुटबॉलच्या बाबतीत एक गोष्ट सुटते आहे. तिथला मोठा प्रश्न दिसणाऱ्या धडकेचा नाही. माइक वेब्स्टर या माजी खेळाडूचा मेंदू २००२ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासला, तिथून सीटीई या मेंदूची हळूहळू झीज करणाऱ्या आजाराची चर्चा सुरू झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई सापडला. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते आणि अनेकांना आधीच लक्षणं दिसत होती, त्यामुळे "सगळ्यांनाच होतो" असा अर्थ काढू नये. पण हा आजार एका मोठ्या माराने होत नाही, वर्षानुवर्षं बसणाऱ्या शेकडो लहान धक्क्यांशी त्याचा संबंध आहे. पुढच्या फळीतले खेळाडू प्रत्येक चालीला डोक्याला डोकं लावतात. किकऑफ कितीही सुधारला तरी तिथे फरक पडत नाही. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हलतोच.

म्हणून फ्लॅग फुटबॉलकडे मी "सुरक्षित आवृत्ती" म्हणून बघत नाही, तो वेगळा खेळ आहे. पाच-पाच खेळाडू, ५० बाय २५ यार्डांचं मैदान आणि दोन्ही टोकांना १० यार्डांचे पट्टे, कमरेला लावलेली पट्टी ओढली की गडी थांबला. ढकलणं नाही, पाडणं नाही. त्याला ऑलिम्पिकमध्ये घ्यायचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात झाला, क्रिकेटसोबतच. शाळा आणि मुलींमध्ये तो पसरेल. मूळ खेळाचा प्रेक्षक मूळ खेळ सोडून तिकडे जाईल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या मैदानाचं. कबड्डीत डोक्याला मार बहुतेक तीन ठिकाणी बसतो: घोट्याला झेपावणाऱ्याचं डोकं चढाईपटूच्या गुडघ्यावर, साखळीतल्या दोघांची डोकी एकमेकांवर, आणि डॅशनंतर डोकं जमिनीवर किंवा बल्लीवर. मार बसल्यावर गडी तोल जाऊन चालला, रिकाम्या नजरेने बघू लागला, उठायला वेळ लागला किंवा क्षणभरही बेशुद्ध झाला, तर त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. शंका असेल तर विचारा: आपण कोणत्या गावात खेळतो आहोत? हा पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी झाला? एक उत्तर चुकलं तरी बाहेर. सगळी बरोबर आली तरी डोकेदुखी, मळमळ किंवा गरगर असेल तर बाहेरच. हा निर्णय संघाच्या व्यवस्थापकाकडे देऊ नका, तो त्या गड्याला परत उतरवेलच.

त्याच्या बदली राखीव गडी उतरवू द्या आणि तो नेहमीच्या बदलीत मोजू नका. क्रिकेटने २०१९ मध्ये हेच केलं. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, आणि सामना रंगायचा तो रंगलाच. संघाचं नुकसान होत नाही म्हटल्यावर गडी मार लपवत नाही.

मान दुखते म्हणाला, हातपाय बधिर आहेत, एकाच्या दोन वस्तू दिसतात, वारंवार उलटी झाली, झटका आला किंवा डोकेदुखी वाढत चालली, तर १०८ बोलवा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा. चौघांनी हातपाय धरून उचलायचं नाही, उठवून बसवायचं नाही. डोकं-मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा. कांदा हुंगवणं, तोंडावर पाण्याचा सपका, पाणी पाजणं, सगळं बंद. घरी पाठवलेल्या गड्याला पहिली रात्र एकटं ठेवू नका, मोटरसायकल चालवू देऊ नका.

मंडळ_दारव्हा

खूप कामाचं आहे. डॅशचा दोन पावलांचा नियम दोन्ही तटांना पटेल असं वाटते. मैदानाचं काय? आमची जमीन काळी आहे. एक जण भाड्याने मॅट आणा म्हणून मागे लागला आहे.

मातीवाला_भंडारा

भाऊ, नियमाइतकंच मैदान मारते. काळी माती वाळली की फरशीसारखी होते आणि तिला भेगा पडतात, भेगेत टाच अडकली की गुडघा गेलाच समजा. ओली झाली की चिकटते, पाय सुटत नाही.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, त्याला चारही बाजूंनी २ मीटर धरा म्हणजे १७ बाय १४. एवढ्या जागेवर एक फूट खोल नांगरून ढेकळं फोडा, खडे वेचा. वरून १० सेमीचा थर द्या: दोन भाग चाळलेली लाल किंवा पिवळी माती, एक भाग बारीक रेती. मुरूम वरच्या थरात घेऊ नका, तो कातडी सोलतो. हिशेब साडेआठ ब्रासच्या आसपास येतो. त्यात आरा मशीनवरचा भुसा मिसळा, पण चाळून, नाहीतर लाकडाच्या चिपा तळपायात जातात. आमच्याकडे धानाचा कोंडा वापरतात, तोही चालतो. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा, सकाळी दाताळ्याने मोकळं करा. बोट दाबलं तर दोन पेरं आत गेलं पाहिजे. सामने लागोपाठ असतील तर दर दोन सामन्यांनी मधला भाग आणि निदान रेषेजवळची जागा परत मोकळी करा, ती सगळ्यात आधी दबते.

रेषा चुन्याने मारू नका. घामासोबत डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. संगमरवरी पावडरची फक्की आणा.

मॅट आणायची तर ४० मिमी जाडीची, एक बाय एक मीटरचे तुकडे. सिमेंटच्या अंगणावर २० मिमीची मॅट टाकणं मातीपेक्षा वाईट. खालची जमीन सपाट नसली की सांधे उघडतात आणि त्यात बोटं अडकतात. डिसेंबरात रात्री दहानंतर दव पडते, मॅट गुळगुळीत होते. ताडपत्री आणि कोरडे कपडे जवळ ठेवा, प्रत्येक मध्यंतरात पुसा. मॅटवर अनवाणी खेळू देऊ नका आणि नवख्या पोरांना बूट घालून थेट स्पर्धेत उतरवू नका: मॅट पाय धरून ठेवते, अंग वळते, गुडघ्याचा लिगामेंट तुटतो. तुमच्याकडे येणारे संघ मातीवरच सराव करत असतील तर मातीच ठेवा.

बल्ल्या आणि दोरी रेषेपासून ३ मीटर मागे. पब्लिक सरकत सरकत रेषेवर येऊन बसते, म्हणून पहिल्या रांगेपुढे मंडळाची चार माणसं उभी ठेवा. प्रत्येक बल्लीला माणसाच्या उंचीपर्यंत बारदान्यात सोयाबीनचं कुटार भरून बांधा, तणस असेल तर अजून बरं. हॅलोजन मध्यरेषेच्या समोर लावू नका, चढाईपटूच्या डोळ्यावर येते आणि त्याला बाजूने येणारी डॅश दिसत नाही. चार कोपऱ्यांवर उंच, आत झुकवून लावा.

चौथा_डाऊन

फिजिओंच्या मुद्द्याला एक जोड. लहान धक्क्यांची बेरीज सामन्यात होते त्याहून सरावात जास्त होते, आणि सराव बघायला पब्लिक नसते. तिथला मार कमी केला तर प्रेक्षकांचं काहीच जात नाही. एनएफएलने २०११च्या करारात पूर्ण धडकेचे सराव हंगामात १४ वर आणले. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० पासून सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं, पुतळ्यांवर सराव घेतला. २०१५ मध्ये तो संघ आयव्ही लीग या कॉलेजांच्या लीगच्या विजेतेपदाचा वाटेकरी होता, आणि पुढच्या वर्षी त्या लीगच्या सगळ्या संघांनी हंगामातल्या सरावात पूर्ण धडक बंद केली.

तुमच्या पोट्ट्यांचा सराव रोज सात विरुद्ध सात, पूर्ण जोराने होत असेल तर तो आठवड्यातून दोनदाच ठेवा.

शिट्टी_सरपंच

हे जमण्यासारखं आहे. बाकीच्या दिवशी घोटा आणि मांडी पकडीसाठी बारदान्याचं लांबट पोतं शिवा, कुटार दाबून भरा, तळाला थोडी रेती घाला म्हणजे २० ते २५ किलो भरेल आणि उभं राहील. एकाने दोरीने ओढायचं, दुसऱ्याने झेपावायचं. झेप घेताना डोकं पोत्याच्या बाहेरच्या बाजूला, गाल मांडीला चिकटलेला, नजर वर. डोकं समोर गेलं की ती पकड मोजायची नाही. साखळीचा सराव चालत्या वेगाने, हात मनगटात अडकवून, दोघांची डोकी उलट बाजूंना. १४ वर्षांखालच्या गटात डॅश आणि तिघांची साखळी दोन्ही बंद ठेवा, त्या वयात स्पर्श, बोनस आणि घोटा पकड एवढंच पक्कं झालं तरी पुरे.

पत्रकात हे सगळे नियम बक्षिसांच्या रकमेच्या वर छापा, खाली नको. आणि पहिल्या रात्री प्रत्येक सामन्याआधी माइकवरून सांगा, खेळाडूंसाठी नाही, पब्लिकसाठी. डॅशवर चढाईपटूच्या संघाला गुण का दिला हे लोकांना कळलं की ते पंचावर ओरडत नाहीत, डॅश मारणाऱ्याची पावलं मोजायला लागतात.